कोंबडा कोणाचा उडाला

यतिन खांबेटेने आयुष्यात पुष्कळ गोष्टी सुरू केल्या होत्या. शाळेत असताना तबला सुरू केला, तो त्रितालाच्या दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला. कॉलेजात जर्मन सुरू केलं. त्यातली रेल्वे स्टेशनवर विचारायची चार वाक्यं त्याला अजून येतात; जर्मनीला तो अजून गेलेला नाही. सिडनीला तो मास्टर्स करायला आला आणि शेवटचं सेमिस्टर राहिलं असताना तो कोर्सच बंद झाला, असं तो सांगतो. त्याची बायको मयूरा सांगते, कोर्स चालू आहे. पुढे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला तोही मयूराच्या व्हिसावर, त्यामुळे ते काम तरी त्याने तडीस नेलं असं म्हणता येत नाही.

टूनगॅबीच्या त्यांच्या घरामागे चार लाकडी खांब उभे आहेत. त्यांवर छप्पर यायचं होतं. पाहुणे आले की मयूरा मागचं दार उघडून शांतपणे सांगते, "हा आमचा पर्गोला होणार आहे." हे ती त्यांची मुलगी स्वरदा प्रायमरीत होती तेव्हापासून सांगते आहे. स्वरदा आता दहावीत आहे आणि त्या खांबांना दोरी बांधून युनिफॉर्म वाळत घालते. मयूराच्या बोलण्यात टोमणा नसतो, हीच यतिनची अडचण होती. टोमणा असता तर भांडता आलं असतं.

व्यवसायाने यतिन ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. हे काम त्याला मानवलं, कारण त्यात जे काही पूर्ण करायचं ते विद्यार्थ्याने. यतिनने डाव्या सीटवर, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून बसायचं आणि आपापल्या गावी वीस-वीस वर्षं गाडी हाकून आलेली माणसं राउंडअबाउटमध्ये हॉर्न वाजवत शिरताना बघायचं. "मेट, इथे हॉर्न म्हणजे शिवी," हे तो मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सारख्याच थंडपणे सांगायचा. या कामाने त्याचा उजवा पाय मात्र कायमचा बिघडला होता. टीव्हीवर कोणाची गाडी वेगात वळली तरी सोफ्यावर बसल्या-बसल्या त्याचा पाय खाली दाबला जायचा. मयूरा गाडी चालवत असली तर तो पाय पत्रा फोडून रस्त्याला टेकतो की काय असं वाटायचं.

पाक सुगेंग त्याच्याकडे शिकायला आले ते साठी उलटून गेल्यावर. 'पाक' म्हणजे इंडोनेशियन लोकांत 'काका' आणि 'सर' यांच्या मधलं काहीतरी. आयुष्य त्यांनी गाद्यांच्या कारखान्यात काढलं. गाडी त्यांची बायको चालवायची. ती गेली आणि घरात गाडी उरली, ड्रायव्हर उरला नाही. विद्यार्थी म्हणून ते फार सभ्य होते. साठच्या रस्त्यावर चाळीसने जायचे आणि मागून कोणी शिव्या दिल्या की आरशात बघून मान लववायचे.

एका दुपारी सेव्हन हिल्सजवळच्या राउंडअबाउटला एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, डावं-उजवं न बघता आत घुसली. यतिनचा पाय ब्रेकच्या आरपार गेला आणि तोंडातून जे निघालं ते मराठी होतं म्हणून बरं. गाडी थांबली. यूट हातभर अंतरावरून निघून गेली. पाक सुगेंगचे हात स्टिअरिंगवर होते तसेच होते, जणू कोणी चहाचा ट्रे धरायला दिला होता.

"सर, ती गाडी गेली," ते म्हणाले. "आता श्वास घेतलात तरी चालेल."

"पाक, तुम्ही घाबरला नाहीत?"

"घाबरलो ना. पण हातांना सांगितलं नाही."

यतिनने थोडा विचार केला. "हे कुठे शिकवतात?"

"बुधवारी. स्काउट हॉलमध्ये. झुम्बा संपलं की."

अशा रीतीने यतिनने आणखी एक गोष्ट सुरू केली. मयूराने ट्रॅक पँट घेताना फक्त एवढंच विचारलं, की ती परत करता येते का.

स्काउट हॉलमध्ये जे चालायचं त्याला सिलाट म्हणतात. जावा-सुमात्राकडची जुनी युद्धकला. आपल्या तालमीची चुलत बहीण म्हणायला हरकत नाही, फक्त माती नाही आणि कोणी शड्डू ठोकत नाही. उलट सगळा कारभार इतका हळू चालतो की मार बसल्यावर तो बसला हे समोरच्याला घरी जाताना कळावं. आठवड्याला पाच-सहाजण जमायचे. यतिन त्यांच्यातला सर्वांत वाईट होता. त्याची लाथ कमरेच्या वर जात नसे आणि जाताना आवाज करी. पण उजवा पाय खाली दाबून तो जो उभा राहायचा, ते पाहून पाक सुगेंग बाकीच्यांना म्हणायचे, "बघा. मुळं." यतिनने ती ब्रेकची सवय असल्याचं कोणाला सांगितलं नाही.

शिकवणी संपली की सगळे जमिनीवर बसायचे, थर्मासमधला आल्याचा चहा फिरायचा आणि पाक सुगेंग संघाचा इतिहास सांगायचे. खरं तर यतिन टिकला तो या इतिहासामुळे.

संघाचं नाव बान्यू मनंग. गप्प पाणी. डच राज्याच्या काळात पूर्व जावातल्या एका साखर कारखान्याच्या गावी, उसाच्या वजनकाट्यावर मबाह कर्तो नावाचे गृहस्थ होते. मबाह म्हणजे आजोबा. ते परसात गावच्या पोरांना सिलाट शिकवायचे. तरुण पोरं रोज एका ठिकाणी जमून लाथा मारतात हे डचांना आवडण्यासारखं नव्हतं. मबाह कर्तोंनी यावर उपाय काढला. प्रत्येकाने येताना काखेत एक कोंबडा घेऊन यायचं. पोलीस आले की सांगायचं, आम्ही कोंबडे बघायला जमलोय. कोंबडा घेतलेला माणूस बंड करील असं कुठल्याच सरकारला वाटत नाही.

पण मग कोंबडा घेऊनच शिकावं लागे. डाव्या हातावर कोंबडा, आणि उरलेल्या शरीराने सिलाट. कोंबडा फडफडला, ओरडला, की शेजारपाजार जागा होणार. म्हणून हालचाल अशी करायची की कोंबड्याला वाटावं आपण झाडावर आहोत. हीच या संघाची विद्या, आणि पुढे हीच परीक्षा झाली.

बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग एका संध्याकाळी पोलीस आले. तीसेक माणसं तीसेक कोंबडे घेऊन गंभीरपणे उभी राहिली. डच इन्स्पेक्टरने सगळ्यांकडे पाहिलं, एका कोंबड्याची तारीफही केली, आणि तो वळून निघणार एवढ्यात कोणाचा तरी कोंबडा हातातून उडाला आणि थेट साहेबाच्या टोपीवर बसला. एकाचा उडाला म्हणून बाकीचेही उडाले. पिसं खाली बसली तेव्हा मोकळ्या हातांनी, तयारीत उभी राहिलेली तीसेक माणसं साहेबाला दिसली. मबाह कर्तोंना तुरुंगात नेलं. परत आले ते खोकत आले आणि फार दिवस राहिले नाहीत.

त्यांचे दोन पट्टशिष्य, दर्मो आणि सस्त्रो. दर्मोची माणसं सांगतात, कोंबडा सस्त्रोचा उडाला. सस्त्रोची माणसं सांगतात, दर्मोचा. मबाह कर्तोंना नक्की ठाऊक होतं, पण ते कोणाचंही नाव न घेता गेले. गप्प पाण्याचे संस्थापक होते ते. त्यांच्या तेराव्याला म्हणा, तिकडे जे काही असेल त्याला, संघाचे दोन संघ झाले.

हे दोन्ही संघ यथावकाश विमानात बसून सिडनीला आले. दर्मोचा टूनगॅबीला, सस्त्रोचा ब्लॅकटाउनला. मध्ये एकच स्टेशन. ब्लॅकटाउनच्या प्रमुख बू लास्त्री. बू म्हणजे बाई, आई, मॅडम, जे समोरच्या बाईकडे बघून सुचेल ते. त्या आणि पाक सुगेंग एकाच गावचे, एकाच शाळेतले. सिडनीत आल्यावर एका ईदच्या जेवणात त्यांनी एकमेकांना इतिहास सांगितला आणि तेव्हापासून बोलणं बंद. बू लास्त्रींची शेंगदाण्याची चटणी मात्र पाक हार्टोनो नावाच्या तिसऱ्या म्हाताऱ्याच्या हस्ते टूनगॅबीला येत असे. पाक सुगेंग ती मिटक्या मारत खायचे आणि म्हणायचे, "कोणीतरी चांगली करतं."

हे ऐकताना यतिनचे डोळे भरून यायचे. या देशात आल्यापासून पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्याला समजावून न सांगता समजली होती. टूनगॅबीच्या मराठी मित्रमंडळात तो गेली कित्येक वर्षं होता आणि ते मंडळ स्वयंसेवकांच्या टी-शर्टाच्या रंगावरून फुटलं तेव्हा तो मतदानाला हजर होता. भगवा की मोरपंखी. तेव्हापासून गणपती दोन बसतात, एकाच दिवशी, आणि दोन्हीकडे त्याच कॅटररची मटकीची उसळ असते. मंडळ फुटलं त्या वर्षी सेक्रेटरी मयूरा होती. त्या वर्षीच्या अहवालात तिने लिहिलं, 'यंदाचा उत्सव काही अपरिहार्य कारणास्तव दोन ठिकाणी, दुप्पट उत्साहात पार पडला.' दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. या वाक्याचा यतिनला फार अभिमान होता.

पाक सुगेंगना अखेर लायसन मिळालं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं की ईस्टरनंतर ते मुलाकडे जावाला चालले. कायमचे.

"मग बुधवार?" यतिनने विचारलं.

"बुधवार झुम्बावाल्यांना हवाच आहे. दुसरी बॅच काढतायत."

संघाचा नियम असा, की वर्ग चालवायचा तर तो पक्क्या भावंडाने. 'भाऊ' म्हणत नाहीत, भावंड म्हणतात, त्यामुळे बायकांची पंचाईत होत नाही. हॉलमध्ये पक्कं व्हायला लायक असं पाक सुगेंगच्या मते एकच माणूस होतं.

"मी?" यतिन म्हणाला. "पाक, माझी लाथ कमरेच्या वर जात नाही."

"मबाह कर्तोंचीही नव्हती जात. त्यांना संधिवात होता. तू उभा राहतोस. बाकीचे उड्या मारतात."

यतिन त्या दिवशी गाडीत बराच वेळ बसून राहिला. आजवर कोणी त्याला एखाद्या गोष्टीच्या शेवटापर्यंत बोलावलं नव्हतं.

पण पक्कं करायला तीन जुनी भावंडं लागतात. एक पाक सुगेंग. दुसरे पाक हार्टोनो, त्यांचा गुडघा बदललेला होता आणि ते खुर्चीवर बसले की झोपायचे, पण झोपेत असले तरी मोजले जायचे. तिसरे पर्थला मुलीकडे निघून गेले होते. अख्ख्या सिडनीत आता जुनं भावंड उरलं होतं ते एकच, आणि ते ब्लॅकटाउनला राहत होतं.

पाक हार्टोनो चटणीचा रिकामा डबा घेऊन गेले आणि निरोप घेऊन आले. बू लास्त्री म्हणाल्या होत्या, "येईन. मुलाचा दोष नाही. इतिहास ऐकीन. खोटा निघाला तर उठेन."

उठणं म्हणजे संपलं. पक्कं व्हायचं तर उमेदवाराने स्वतः सांभाळलेला कोंबडा डाव्या हातावर घेऊन, उभं राहून, संघाचा सगळा इतिहास सांगायचा. कोंबडा उडता कामा नये आणि तिघांपैकी कोणी उठता कामा नये. कोंबडा यतिनच्या हातात होता, निदान तो असणार होता. पण सस्त्रो म्हटलं तर बू लास्त्री उठणार, दर्मो म्हटलं तर पाक सुगेंग.

कोंबडा शहराबाहेरच्या एका माल्टीज म्हाताऱ्याच्या फार्मवरून आला. तांबडा, गलेलठ्ठ, मालकासारखा चालणारा. स्वरदा त्याला पाहून म्हणाली, "डॅड, ही'ज लिटरली अ ट्रेव्हर." तेच नाव राहिलं. ट्रेव्हरची सोय गॅरेजमध्ये, जुन्या दुलया टाकून अंधार केलेल्या एका खोक्यात केली, म्हणजे पहाट झाल्याचं त्याच्या लवकर लक्षात येऊ नये. तरी ते येत असे. शेजारच्या ग्लेनिसबाई कुंपणावरून म्हणाल्या, "लव्ह, तुझी कोंबडी बुवा आहे." यतिनने सांगितलं की धार्मिक काम आहे, ईस्टरपर्यंतच. ग्लेनिसबाई म्हणाल्या, "ओह, ईस्टर. नो वरीज."

रोज शिफ्ट संपली की यतिन सरळ गॅरेजमध्ये जायचा, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचा आणि ट्रेव्हरला डाव्या हातावर घ्यायचा. सुरुवातीला ट्रेव्हर त्याच्या शर्टाच्या बाहीशी जे वागला ते सांगण्यासारखं नाही. मग सवय झाली. दोघं अंधारात एकमेकांकडे न बघता बसायचे.

"जेवायला येतोयस का त्यालाही आणतोयस?" मयूरा आतून विचारायची.

इतिहासाचा पेच त्याने मयूरापुढे मांडला. ती कणीक मळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, दर्मो, सस्त्रो, साहेबाची टोपी.

"सोपं आहे," ती म्हणाली. "नाव काढून टाक."

"म्हणजे?"

"कोणाचा उडाला हे सांगायचंच नाही. 'काही अपरिहार्य कारणास्तव एक कोंबडा उडाला.' पुढे चल."

"चालेल?"

"दोनशे मराठी माणसांना चाललं. ही तीनच आहेत."

यतिनला हे इतकं पटलं की त्याने तिच्या हातच्या कणकेसकट तिचा हात हातात घेतला. ट्रेव्हरसमोर त्याने ते वाक्य इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. ट्रेव्हरने कुठलीही बाजू घेतली नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी आरव्होला, म्हणजे दुपारी, स्काउट हॉलमध्ये सगळे जमले. समोर तीन खुर्च्या. डावीकडे पाक सुगेंग, उजवीकडे बू लास्त्री, आणि मध्ये, एकमेकांना दिसू नयेत म्हणून, पाक हार्टोनो. बू लास्त्री उंचीने बेताच्या, हिरव्या कुर्त्यातल्या, आणि मांडीवर पर्स अशी धरलेली की केव्हाही उठता येईल. मागच्या बाकावर वर्गातले पाच-सहाजण, मयूरा आणि स्वरदा. टेबलावर पांढरं कापड घडी करून ठेवलेलं. पक्कं झालं की ते कमरेला बांधतात.

यतिन उभा राहिला. उजवा पाय दाबलेला, डाव्या हातावर ट्रेव्हर. त्याने इतिहास सुरू केला. वजनकाटा, परस, काखेतले कोंबडे, सगळं छान गेलं. बू लास्त्रींनी एकदा मानही हलवली. पोलीस आले. साहेबाने कोंबड्याची तारीफ केली.

"...आणि मग," यतिन म्हणाला, "काही अपरिहार्य कारणास्तव एक कोंबडा उडाला. त्यानंतर—"

"थांब," बू लास्त्री म्हणाल्या. "कोणाचा?"

"जमलेल्यांपैकी एकाचा, बू."

"कोणाचा?" हा आवाज डावीकडून आला. पाक सुगेंग पुढे झुकले होते. "यतिन, मी तुला काय शिकवलं?"

"पाक, मी सगळ्यांचा मान राखून—"

बू लास्त्रींनी पाक हार्टोनोंच्या पोटावरून वाकून पाक सुगेंगकडे पाहिलं. किती वर्षांनी ते त्यांनाच ठाऊक. "तुम्ही ह्याला हे शिकवलंत?"

"मी? मी सस्त्रोचा शिकवला!"

"म्हणजे खोटं शिकवलंत. पण निदान काहीतरी शिकवलंत. हे काय आहे? अपरिहार्य कारण! कोंबडा काय ट्रेन आहे, रद्द व्हायला?"

"मीही तेच म्हणतोय!" पाक सुगेंग म्हणाले. "माणूस तुरुंगात गेला, खोकून मेला, आणि हा म्हणतो एक कोंबडा!"

"बरोबर आहे तुमचं."

"नाही तर काय."

या गदारोळात पाक हार्टोनो जागे झाले आणि म्हणाले, "कोणाचा कोंबडा?"

मयूराने मागच्या बाकावर डोळे मिटून घेतले. तिच्या अहवालाला असं उत्तर कधीच मिळालं नव्हतं. बू लास्त्रींनी पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला आणि खुर्चीच्या हातावर हात टेकला. पाक सुगेंगनीही टेकला. दोघं उठलेच असते, आणि बहुधा एकदम.

"मला माहीत नाही," यतिन म्हणाला.

त्याचा आवाज जरा मोठा आला, कारण त्याला वाटलं होतं तो मनात म्हणतोय.

"कोणाचा उडाला मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. पाक, तुम्हीही नव्हतात. बू, तुम्हीही नव्हतात. मला फक्त हे माहीतय की कोंबडा आपला आपण उडत नाही. मी आता इतके दिवस ह्याला हातावर घेतोय. तुमचा दंड आवळला की तो उडतो. दंड आवळतो कधी, तर माणूस घाबरला की. साहेब दोन पावलांवर उभा. तो जो कोणी होता, दर्मो असू दे, सस्त्रो असू दे, तो घाबरला. एवढंच झालं. माझ्याकडे रोज एक माणूस स्टिअरिंग असं आवळून बसतो. त्याला वाईट ड्रायव्हर म्हणतात लोक. तो वाईट नसतो. घाबरलेला असतो. तुरुंगात मबाह कर्तोंनी नाव का नाही सांगितलं मग? मला वाटतं त्यांना त्या माणसाचा राग आलाच नव्हता."

बाहेर कोणीतरी लॉन कापत होतं.

बू लास्त्री उठल्या.

पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. त्या सरळ त्याच्यापाशी आल्या आणि ट्रेव्हरच्या छातीवर तळहात ठेवला. मग तोच हात यतिनच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

"तू आत्ता घाबरलेला आहेस," त्या म्हणाल्या.

"हो, बू."

"चांगलाच."

"हो."

"मग हा का नाही उडाला?"

यतिनने ट्रेव्हरकडे पाहिलं. ट्रेव्हर अर्धवट डोळे मिटून त्याच्या कोपरात बसला होता, संध्याकाळच्या बातम्या बघत असल्यासारखा.

"बू, मी ड्रायव्हिंग शिकवतो," यतिन म्हणाला. "रोज संध्याकाळी घाबरूनच घरी येतो. ह्याने मला दुसऱ्या कुठल्या अवस्थेत पाहिलेलंच नाही. त्याला वाटतं माणसाची छाती अशीच वाजते."

पाक सुगेंगनी तोंडावर हात धरला. बू लास्त्रींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्या वळल्या, आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या, पर्स मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या,

"पुढे सांग."

यतिनने पुढे सांगितलं. मबाह कर्तोंचा खोकला, दोन संघ, दोन विमानं, टूनगॅबी, ब्लॅकटाउन. ईदचं जेवण त्याने गाळलं, आणि या वेळी गाळण्यावर कोणी हरकत घेतली नाही. शेवटी तिघांनी मिळून पांढरं कापड त्याच्या कमरेला बांधलं. गाठ कुठल्या बाजूला यावी यावर डावं-उजवं थोडं झालं. पाक हार्टोनोंनी ती मध्ये मारली.

मग जेवण होतं. भात, सोयाबीनचं टेंपे, चिकन, चटणी. इतिहास ऐकलेला कोंबडा खात नाहीत, असा संघाचा नियम आहे. चिकन सुपरमार्केटचं होतं. ट्रेव्हर खुर्चीखाली भात खात होता आणि त्याला त्यातलं काही समजलं असेल तर त्याने दाखवलं नाही. पुढच्या शनिवारी तो फार्मवर परत गेला. माल्टीज म्हातारा म्हणाला, हा फार शांत झालाय, आजारी आहे का?

बू लास्त्रींनी पाक सुगेंगच्या ताटात स्वतःच्या हाताने चटणी वाढली.

"बरी आहे," पाक सुगेंग म्हणाले. "जरा मीठ कमी."

"तिकडे जाऊन करून बघा."

"माझ्याइतकी कोणी खाल्ली नाही ही चटणी. मला कळतं मीठ."

एवढं बोलून झाल्यावर बू लास्त्रींनी यतिनला बोलावलं. "हे गेल्यावर वर्ग तू चालवणार. माझ्यासमोर दर्मो-सस्त्रो करायचं नाही. एक माणूस घाबरला, इतकंच सांगायचं. तेवढं खरं आहे."

पाक सुगेंगनी हाडाचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, विचार केला आणि म्हणाले, "सस्त्रो घाबरट होताच." पण ते त्यांनी यतिन मराठीत पुटपुटतो तसं, म्हणजे आपलं आपल्याशी म्हटलं, आणि बू लास्त्रींनी ते ऐकू आलं नाही असं ठरवलं.

घरी जाताना गाडी मयूराने घेतली. यतिन शेजारी, पांढरं कापड कमरेलाच.

"झालं ना?" ती म्हणाली.

"झालं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिने सिग्नलला थांबून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "माझं वाक्य चाललं नाही," ती म्हणाली. "मीटिंगला इतक्या सरळ माणसांची सवय नाही मला."

मागून स्वरदा म्हणाली, "डॅड, दॅट वॉज ॲक्चुअली नॉट एम्बॅरेसिंग," आणि हेडफोन लावले.

ईस्टरनंतरच्या बुधवारी झुम्बा वेळेवर संपलं. यतिनने खुर्च्या बाजूला सारल्या. जुने पाच-सहा होतेच, आणि एक नवीन मुलगी आली होती, चिन्मयी नावाची, कॅसल हिलहून, आयटीवाली, पाठ दुखते म्हणून. मागच्या भिंतीशी, स्वतःची घडीची खुर्ची उघडून, बू लास्त्री बसल्या होत्या. त्या ट्रेनने आल्या होत्या. बघायला आलेय, एवढंच म्हणाल्या होत्या.

चहा फिरला. यतिनने इतिहास सांगायला घेतला. वजनकाटा, परस, कोंबडे, पोलीस. सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"...साहेब वळला, आणि तेवढ्यात एक माणूस घाबरला. त्याचा कोंबडा उडाला."

"कोण घाबरला?" चिन्मयीने विचारलं.

यतिनने तोंड उघडलं, पण मागून उत्तर आधी आलं.

"ते इथे विचारत नाहीत," बू लास्त्री म्हणाल्या. "चहा घे."